बाबांचं गिरमिट

चिखला
१ डिसेंबर २०२२

चि. प्रतिक्षा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र विशूच्या दुपट्यात ठेवून राहिलो. घरी पोचल्यावर वाचजो. फोनवर तू काय बोलते ते मले आता उजव्या कानानं बी ऐकू येत नाही. तुही माय मधात बसून अर्धं तुह्या मनचं सांगते अन् अर्धं आपल्या मनचं. तीस वर्षं खदानीत कानाशी ड्रिल वाजलं, त्याची ही बक्षिसी. म्हणून आपलं कागदावरच बरं.

तू भंडाऱ्याले ट्रेनिंगले गेली अन् चार दिवस पोट्टी आमच्यापाशी ठेवली, बरं वाटलं. पहिल्या दिवशी तिनं तुह्या मायच्या पदराचा वास घेतला अन् तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तोच पदर सोडेना. वरणभात खाते. वरचे दोन दात येऊन राहिले, ते पहिले माह्या बोटाले समजले.

आता कामाचं. सोमवारी पोट्टीची गाडीतली सीट इथं ठेवताना तू म्हणाली होती, विशूचे खांदे पट्ट्याच्या भोकांच्या वर गेले, आता ही सीट संपली, दुसरी पाहावी लागते. तू गेल्यावर म्या सीट उलटी करून पाहिली. कापडाखालचं प्लास्टिक चांगलं जाड हाय, कुठं डाग नाही. दहा महिन्यांच्या पोरीनं वापरलेली वस्तू, फेकाची कायले? कापड काढलं, पेटीतून गिरमिट घेतलं, जुन्या भोकांच्या वर तीन बोटं मोजली अन् दोन्हीकडं आठ-आठ भोकं एका ओळीत पाडली. मंग कानशीनं घासून दोन लांब खाचा केल्या. कडा गालाले लावून पाहिल्या, पट्ट्याचा एक धागा बी अडकत नाही.

आज तू तिले बांधशीन तवा पट्टे बरोबर खांद्यावर येतीन. मी तोंडानं काही बोलणार नाही. तू घरी जाऊन हे वाचजो अन् हासजो. अतुल जावईबापूले सांग, अजून वरीसभर दुसरी सीट नोको.

तुझा बाबा,
मंगरू


तुमसर
३ डिसेंबर २०२२

ती. बाबांस,
जयभीम.

मी हसले नाही.

पत्र वाचलं, विशूला अतुलकडे दिलं आणि खाली जाऊन गाडीचं दार उघडलं. सीटचं कापड वर केलं. तुमचं काम नेहमीसारखंच सुरेख आहे. दोन्ही खाचा इतक्या सारख्या की कंपनीने पाडल्यात असं वाटावं. मी एका खाचेत बोट घातलं, ते आरपार गेलं.

बाबा, चिखल्यापासून तुमसरपर्यंत मी माझी मुलगी त्या सीटमध्ये बांधून आणली. बांधताना पट्टे खांद्यावर नीट बसले तेव्हा वाटलं, मीच आधी चुकीचं मोजलं होतं. उगाच घाई करतेय म्हणून स्वतःलाच हसले. गोबरवाहीच्या फाटकाजवळ मॅंगनीजचा ट्रक अंगावर आला. मी करकचून ब्रेक मारला. आरशात पाहिलं तर ती झोपलेली. मी मनाशी म्हटलं, बरं झालं पोरीला घट्ट बांधलंय. हे वाक्य मला दोन दिवस सोडत नाही.

सोमवारी मी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तुम्हाला एकच ऐकू आली. खांद्याची. दुसरी अशी की तिचं डोकं सीटच्या वरच्या काठाला आलंय. पट्टे तुम्ही वर नेलेत. डोक्याचं काय करणार होतात? वरून फळी ठोकणार होतात?

ती बसायची खुर्ची नाही. ते कवच आहे. धक्का त्या कवचाने घ्यायचा, म्हणजे तो मुलाच्या मानेला लागत नाही. हे मी तुम्हाला समजावून सांगायचं? तुम्हाला? आम्ही लहान असताना तुम्ही किती वेळा सांगितलंत, हेल्मेटवर एकदा दगड पडला की ते तोडून टाकायचं, वरून धड दिसलं तरी. आणि हेल्मेटला भोक म्हणून पाडायचं नाही. तुमच्याबरोबरच्या सोमाजीकाकांनी डोक्याला वारा लागावा म्हणून भोकं पाडली, मग लिंबाएवढा दगड पडला आणि हेल्मेट त्या भोकांच्या ओळीतून उघडलं. कॉलनीत नवा कामगार आला की तुम्ही त्याला दारात बसवून ही गोष्ट सांगायचात. मी दुसरीत होते तेव्हापासून मला ती पाठ आहे. मग नातीच्या हेल्मेटला सोळा भोकं पाडताना तुमचा हात एकदाही कसा थांबला नाही?

ती सीट मी मोडली. पट्टे कात्रीने कापले, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही. नवी येईपर्यंत विशू गाडीत बसणार नाही. आजवर ती माझ्याबरोबर सिहोऱ्याला यायची, दवाखान्यामागे चंद्रकलाबाईंकडे राहायची आणि दुपारी मी तिला पाजून यायचे. आता अतुलने मिलमधून रजा घेतली आहे, तो तिला घरी सांभाळतो. दुपारी तिच्या वेळेला माझा ब्लाउज भिजतो आणि मी अॅप्रन लावून लोकांना इंजेक्शनं देत असते.

सहा तारखेला आम्ही विहारात येणार नाही. विशू चिखल्याला कधी येईल ते माहीत नाही. आणि आली तरी तिच्या सीटच्या एका स्क्रूला तुमचा हात लागता कामा नये.

प्रतिक्षा


चिखला
८ डिसेंबर २०२२

प्रतिक्षास,
जयभीम.

पत्र मिळालं. भैयाजीनं काळीपिवळीतून उतरता उतरता दिलं अन् म्हणे, काका, पोरगी लय रागानं चिठ्ठी देऊन गेली. म्हणजे गाडीतल्या दहा पॅसेंजरले समजलं का मंगरूची पोरगी मंगरूवर रागावली.

सहा तारखेले विहारात सगळे विचारत होते, नात कुठं हाय, नात कुठं हाय. मनकर्णाबाईनं तिच्यासाठी पांढरं झबलं शिवून आणलं होतं. म्या काय सांगावं? आजोबानं सीटले भोक पाडलं म्हणून पोट्टीले आणलं नाही? म्या सांगतलं, सर्दी झाली. बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहून खोटं बोललो. ते तू बोलाले लावलं.

तुम्ही लोकं शिकले, नोकरीवर लागले, आता तुमाले सगळंच घातक वाटते. तू काय अशा सीटमध्ये वाढली? तुले म्या सायकलच्या दांड्यावर टॉवेल बांधून तुमसरच्या बाजारात नेलं. तुह्या भावाले खदानीच्या ट्रकात मांडीवर बसवून नेलं. मेले काय तुम्ही? अन् ते पोट्टीले उलटं बसवणं कोणत्या दवाखान्यात शिकवते? तिले ना रस्ता दिसत, ना मायचं तोंड. गाडीची पाठ पाहात जाते बिचारी. तुही माय म्हणते, एवढी शिकली तरी पोरीकडं पाठ करून गाडी चालवते.

म्या तीस वर्षं दगडात भोकं पाडली. कोणत्या जागी किती खोल जावं ते साहेब मले विचारत. माह्या हाताले तू नाव ठेवू नोको. त्याच हातानं तुही नर्सिंगची फी भरली.

अन् एक. सोमाजीचं नाव पत्रात काढू नोको. तुह्या भांडणात त्याले कायले ओढते? तो गेला. त्याची बायको ताराबाई इथंच तीन घरं सोडून राह्यते. पत्र कोणाच्या हाती पडलं तं?

तुले नवी सीट घेणं हाय तं घे. तुह्या नोकरीचा पैसा हाय. मले विचारू नोको.

मंगरू


तुमसर
१४ डिसेंबर २०२२

ती. बाबांस,

तुम्हाला मी काही विचारलेलं नाही. सांगतेय.

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक बाई नातवाला घेऊन आली. गाव लिहीत नाही. मुलगा चौदा महिन्यांचा. जावयाची नवी गाडी, ही पुढच्या सीटवर, नातू मांडीवर. समोर धानाची ट्रॉली थांबली म्हणून जावयाने ब्रेक दाबला. वेग सायकलएवढा होता असं सगळे शपथेवर सांगत होते. मूल मांडीवरून सुटलं आणि समोर आपटलं. आम्ही त्याला भंडाऱ्याला पाठवलं. जगलं ते. पण ती बाई पूर्ण वेळ एकच वाक्य बोलत होती, 'मी घट्ट धरलं होतं वो, मी घट्ट धरलं होतं.' मी तिच्या हाताला पट्टी बांधली. मुलाच्या झबल्याची गुंडी तिच्या तळव्यात रुतून बसली होती, इतकं घट्ट धरलं होतं. ती खोटं बोलत नव्हती. कुणाच्याही हातात तेवढा जोर नसतो, एवढंच. तुमच्याही नाही.

म्हणून मांडीच्या आणि सायकलच्या दांड्याच्या गोष्टी मला सांगू नका. आम्ही वाचलो, कारण त्या दिवशी समोर ट्रॉली थांबली नाही.

आणि उलटं बसवण्याचं. बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने जड असतं, मान कोवळी. गाडी थांबली की तोंड पुढे करून बसलेल्या बाळाचं डोकं पुढे फेकलं जातं आणि ओढ मानेवर येते. पाठ पुढे असली की सगळी पाठ धक्का घेते. मी नागपूरला दोन दुकानं फिरले. पहिला दुकानदार म्हणाला, 'वर्ष झालं की सरळ करून टाका मॅडम, बाहेर बघत जाईल, रडणार नाही.' अतुललाही ते पटलं, कारण उलटी सीट लावली की त्याची पुढची सीट सरकवावी लागते आणि त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. मी दोघांना म्हटलं, गुडघे टेकू देत. विशू बहात्तर सेंटिमीटर आहे, साडेआठ किलो आहे. अठरा किलोपर्यंत उलटी बसेल अशी सीट मी घेणार आहे, पाठ उंच असलेली. दुसऱ्या दुकानात ती नव्हती, मागवली आहे. पंधरा दिवस लागतील. ते पंधरा दिवस माझं दूध दवाखान्याच्या बेसिनमध्ये जाईल.

फीचं तुम्ही बोललात. बोला. त्या फीवर मी शिकले की हाताला कितीही कसब असलं तरी नियम पाळायचा. मीही सुई चांगली लावते. म्हणून जुनी सुई धुऊन पुन्हा लावत नाही.

आणि सोमाजीकाकांचं नाव मी काढणार. तुम्ही इतके का चिडलात ते मला कळतं. त्यांना लागलं त्यानंतर आपलं त्यांच्या घरी जाणं बंद झालं. त्याआधी मी रोज त्यांच्याकडे चहात बुडवून पाव खायचे. एक दिवस आईने दारातून मागे ओढलं, 'तिकडं नाही जायचं.' मोठी झाल्यावर मी अर्थ लावला. तुम्ही साहेबांकडे त्यांची तक्रार केली असणार, यानेच स्वतः हेल्मेटला भोकं पाडली म्हणून. म्हणून ताराबाई बोलत नाहीत. नियमाची बाजू घेऊन तुम्ही मित्र गमावलात असं समजून मी एवढी वर्षं तुमचा मान ठेवला. त्याच माणसाने हे करावं, हे मला गिळता येत नाही.

प्रतिक्षा


चिखला
१८ डिसेंबर २०२२

बाई प्रतिक्षा,

माह्या हातचं पत्र पाहून तुले नवल वाटन. चौथीनंतर कोणाले लिहिलं नाही. तुह्या बाबाले सांगू नोको. तो बाहेर उन्हात बसला हाय.

तुह्या चिठ्ठ्या मी वाचते. त्यानं पेटीत ठेवल्या तरी वाचते. तू लय तोडून बोलते. त्यानं चूक केली ते मले बी समजलं, पण बापाले सुई अन् बेसिन असं लिहाले लागते काय? अन् तो बी तसाच. मेले काय तुम्ही म्हणे. असं कोणी पोरीले लिहिते? दोघांच्या मधात मी वरण शिजवून राहिली अन् खाणारं कोणी नाही.

आता माह्या मनचं सांगते. रागावशीन तं रागाव. ज्या चार दिवसांत विशू इथं होती, त्यात बुधवारी मी तिले भैयाजीच्या गाडीत गोबरवाहीच्या बाजारात नेली. मांडीवर. सीटचं कापड तुह्या बाबानं काढलं होतं म्हणून सीट घरीच होती. मले वाटलं, कोसभर तं जाणं हाय. तुह्या चिठ्ठीतली ती बुढी वाचली अन् वाटलं, ती मीच. बाजारातून मी तिच्यासाठी लाल फुगा आणला होता. तू विचारलं होतं, फुगा कुठून आला, मी म्हटलं शेजारणीनं दिला. ते खोटं होतं.

अन् सोमाजीचं. तुह्या बाबानं तक्रार केली नव्हती. तू उलटं समजली. कोणीच तक्रार केली नाही, तेच तं हाय. याच्या पुढचं मी लिहिणार नाही, ते त्याचं हाय. तुही चिठ्ठी आली तवापासून तो जुनं हेल्मेट काढून मांडीवर घेऊन बसते. मी विचारलं काय झालं, तं म्हणते ऐकू नाही आलं. मले माहीत हाय, कवा ऐकू येत नाही अन् कवा येते.

विशूले दूध कमी पडत असन तं नाचणी दे.

तुही माय,
वच्छला


चिखला
२७ डिसेंबर २०२२

प्रतिक्षा,
जयभीम.

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येइन तसं लिहितो.

सोमाजीच्या हेल्मेटले भोकं म्या पाडली.

९६ सालचा मे महिना होता. खाली गरमी अशी का अंगातलं पाणी बुटात जमा होये. सोमाजीले घाम लय. डोकसं भिजून दिव्याचा पट्टा सरके. एक दिवस डबा खाता खाता म्हणाला, 'मंगरू, तुह्या हातात गिरमिट असलं का लाकूड बी हासते. माह्या टोपीले वारा लावून दे गा.' घरी आला. ताराबाईनं दिलेला सांडग्यांचा डबा घेऊन आला. म्या ओसरीवर बसून भोकं पाडली. दोन्हीकडं आठ-आठ, एका ओळीत. कडा कानशीनं घासल्या. तू तिथंच खेळत होती. तू म्हणाली, काका, तुमच्या टोपीले नाक आलं. सोमाजी लय हासला.

अकरा दिवसांनी दगड पडला. लहान होता. कोऱ्या हेल्मेटवर पडला असता तं शिवी देऊन पुढं गेला असता. नियम लावलेला होता, पाटीवर लिहून होता. दोष ना खदानीचा, ना नशिबाचा. ज्या ओळीत म्या भोकं पाडली त्याच ओळीतून टोपी उघडली.

साहेबानं दवाखान्यात जाऊन विचारलं, भोकं कोणी पाडली? सोमाजीची जीभ जड झाली होती, तरी बोट आपल्या छातीवर ठेवलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. एक शब्द बोललो नाही. माही नोकरी वाचली. तो तीन वर्षं अर्ध्या अंगानं खाटेवर राहिला अन् गेला. मी त्या घरी पाय ठेवला नाही. ताराबाई समोरून आली का मी रस्ता बदलत होतो. तुले तुह्या मायनं ओढलं ते याच्यासाठी. तिले म्याच सांगतलं होतं.

मंग मी ती गोष्ट सगळ्यांले सांगाले लागलो. सोमाजीनं भोकं पाडली, सोमाजीनं भोकं पाडली. मले वाटे, दुसरा कोणी मरणार नाही, म्हणजे थोडं फिटन. एवढ्या वेळा सांगतलं का माह्या कानाले ते खरं वाटाले लागलं.

तू विचारलं, हात थांबला काहून नाही? मी तेच विचारून राहिलो. विशूची सीट मांडीवर घेतली तवा मले सोमाजी आठवलाच नाही. खरं सांगतो. मले फक्त पोट्टीचे खांदे दिसले. तवा बी मले सोमाजीचा घाम दिसला होता. मले कोणाचा त्रास दिसला का हात गिरमिटाकडं जाते. आठ-आठच पाडली. हातानं मोजली, डोक्यानं नाही. तुहं पत्र वाचून सोळा आकडा पाहिला तवा समजलं, तेच सोळा.

परवा ताराबाईकडं गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलून राहिली होती. म्या उभ्यानंच सांगतलं. तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, 'ताराबाई, ऐकलं काय?'

ती जोरानं बोलली, मले ऐकू यावं म्हणून. 'मंगरूभाऊ, एवढी सारखी भोकं या कॉलनीत दुसऱ्या कोणाच्या हातची? मले पहिल्याच दिवशी समजलं. तुमी कवा येता ते पाहून राहिली होती.'

म्या म्हटलं, 'सव्वीस वर्षं?'

'मंग काय मी तुमच्या दारी यावं?'

मंग म्या विशूच्या सीटचं सांगतलं. तवा तिनं शेंग खाली ठेवली. 'पोट्टीले काही झालं काय?' नाही म्हटलं. 'मोडली ना ती?' म्हटलं, प्रतिक्षानं मोडली, पट्टे बी कापले. 'शहाणी हाय,' म्हणे. मले बस म्हटलं नाही. चहा दिला नाही. बरं केलं.

तू माह्या हाताले जे बोलली ते बरोबर हाय. मान ठेवू नोको. पोट्टीले आणू नोको म्हणशीन तं तेही बरोबर.

मंगरू


तुमसर
४ जानेवारी २०२३

बाबा,

तुमचं पत्र आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. दवाखान्यात, बाजारात. उत्तर द्यायला बसले की ते पुन्हा वाचत बसायचे. आज लिहिते. राग गेलेला नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज नको.

भोकं पाडलीत त्याचा राग मी समजू शकते. तो कमी होईल. पण सव्वीस वर्षं तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला सांगितलंत की सोमाजीने पाडली. ज्या माणसाने मरेपर्यंत तुमचं नाव घेतलं नाही, त्याला तुम्ही रोज दारात बसून मूर्ख ठरवलंत. मीही ठरवलं. या पत्रांतसुद्धा ठरवलं. त्यांच्या हातचा चहापाव खाल्लेली मी. त्याचा राग कसा कमी करायचा ते मला माहीत नाही. विशू मोठी झाली की तिला ती गोष्ट मी सांगेन, आणि खरी सांगेन. तुमच्या नावासकट. तुम्ही समोर असलात तरी.

'टोपीला नाक आलं' असं मी म्हणाले होते हे मला आठवत नाही. तुम्ही लिहिलंत आणि आता ते विसरता येत नाही.

आईला सांगा, फुग्याचं मला तेव्हाच कळलं होतं. शेजारीण फुगा देते तेव्हा त्याला भैयाजीच्या गाडीतल्या डिझेलचा वास येत नाही. तिच्यावरही रागावलेय. नाचणी सुरू केली आहे.

आता कामाचं. नवी सीट आली. काळी आहे, पाठ उंच, डोक्याच्या दोन्ही बाजूंना जाड कान. विशूचं डोकं काठाच्या बरंच खाली राहतं. खांद्याचे पट्टे मागून एका खुंटीने वर-खाली होतात, भोकं पाडावी लागत नाहीत. मूल वाढणार हे बनवणाऱ्यांना माहीत होतं.

पण ती बसत नाही. आपल्या गाडीत सीट अडकवायच्या लोखंडी कड्या नाहीत. गाडीच्याच बेल्टने बांधायची आहे, उलटी. पुस्तकात लिहिलंय, बांधल्यावर बेल्टच्या जागी धरून हलवली तर बोटापेक्षा जास्त हलता कामा नये. आमची चार बोटं हलते. अतुल ओढतो तेव्हा मागून सैल पडते, मी ओढते तेव्हा डावीकडून. शेजारच्यांना बोलावलं. ते म्हणाले, 'एवढं चालते वैनी, खाली टॉवेलाची घडी कोंबा.' मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

अतुलची रजा शुक्रवारी संपते. सोमवारी विशूला माझ्याबरोबर सिहोऱ्याला न्यायचंच आहे, आणि चार बोटं हलणाऱ्या सीटमध्ये मी तिला नेणार नाही. एखादी गोष्ट किती हलतेय ते नुसत्या हाताला कळणारा माणूस मला हवा आहे. असा माणूस मला एकच माहीत आहे, त्याला माझा इलाज नाही.

रविवारी सकाळी या. गुडघा सीटवर द्यायचा, सगळं वजन टाकायचं आणि बेल्ट ओढायचा. बाकी काही करायचं नाही. पेटी आणू नका. गिरमिट, कानस, सुतळी, पाचर, काहीही आणू नका. रिकाम्या हाताने या. मी पिशवी तपासणार आहे.

प्रतिक्षा


चिखला
६ जानेवारी २०२३

प्रतिक्षा,
जयभीम.

रविवारी पहिल्या बसनं येतो. तुही माय बी येते म्हणते, तिच्या पिशवीत वालाचे दाणे हायेत, ते तपासजो. ताराबाईनं सोलून दिले. माह्या हाती नाही, तुह्या मायच्या हाती दिले.

गिरमिट पेटीतच हाय. पेटी पलंगाखाली सरकवली. फेकलं नाही, खोटं कायले सांगू.

फक्त चष्मा आणतो. सीटचं पुस्तक तू वाच. जोरानं वाच. नाही ऐकू आलं तं मी 'हाव, समजलं' म्हणणार नाही, कागदावर लिहून मागीन. जेवढं लिहिलं तेवढंच करीन.

बाबा